विद्यापीठाच्या आवारातले राजकारण : खान्देशातून एक आढावा

मार्च १९८९मध्ये एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. त्याच वर्षी मुंबईत, मिठीबाई महाविद्यालयाच्या निवडणुकीच्या धामधुमीत, ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पहिल्या घटनेने कॉलेजातल्या मुलामुलींना देशाच्या राजकारणात घेतले. दुसरीने त्यांना कॉलेजच्या राजकारणातून बाहेर काढण्याची वाट मोकळी केली. १९९४च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेसाठीचे खुले मतदान थांबवले आणि आदल्या वर्षीच्या गुणांवर वर्गप्रतिनिधी नेमायची पद्धत आणली.

जळगावच्या विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९०ची. तोवर खान्देशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. जळगाव, धुळे आणि (पुढे वेगळा झालेला) नंदुरबार एवढा प्रदेश घेऊन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ उभे राहिले आणि २०१८मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. तारखा शेजारी ठेवल्या की लक्षात येते, या विद्यापीठाने खुली विद्यार्थी निवडणूक पाहिली असेल तर ती पहिल्या तीन-चार वर्षांतच. बांभोरीजवळच्या टेकडीवर उभ्या राहिलेल्या प्रशाळांमधून शिकून गेलेल्या बहुतेक पिढ्यांनी आपला प्रतिनिधी मत देऊन निवडलेला नाही.

विद्यापीठातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला की दिल्लीचे जेएनयू, हैदराबाद, पुण्याची एफटीआयआय ही नावे येतात. जळगाव-धुळ्याचे नाव क्वचित येते, कारण इथे देशभर गाजलेला संघर्ष झालेला नाही. पण जिथे ठिणगी पडत नाही तिथेही प्रश्न असतोच. तो कुठून आला, त्यावर कोण काय म्हणते आणि काय अजून सुटायचे आहे, एवढे इथे मांडायचे आहे.

मागचा वारसा

खान्देशातला विद्यार्थी राजकारणाला कधी परका नव्हता. डिसेंबर १९३६मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. शेतसारा, खंड, कर्ज या विषयांवरची भाषणे ऐकायला आलेल्यांत आसपासच्या शाळांतली मुले आणि त्यांचे मास्तरही होते, हे वेगळे सांगायला नको.

त्याआधीच अमळनेरला एक वेगळा प्रयोग होऊन गेला होता. साने गुरुजी १९२४पासून तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि वसतिगृह सांभाळत होते. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. देशात काय चालले आहे हे वसतिगृहातल्या मुलाला रोज सकाळी कळावे आणि त्याने त्यावर विचार करावा, ही त्यामागची कळकळ. १९३०मध्ये गुरुजींनी नोकरी सोडली आणि ते सविनय कायदेभंगात उतरले. याची एक बाजू सहसा बोलली जात नाही. शाळा एका उदार गिरणीमालकाच्या आश्रयावर उभी होती आणि शिक्षक सरकारविरोधी विचारांचा होता. काही वर्षे या दोन गोष्टी एकाच छपराखाली नांदल्या. शेवटी ज्याला उघड राजकारण करायचे होते त्याला शाळेबाहेर पडावे लागले. संस्था, शिक्षक आणि राजकारण यांचे हे त्रांगडे खान्देशात तेव्हापासूनचे आहे.

९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारमध्ये शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार आणि त्याचे चार साथी मारले गेले. आज त्यांच्या स्मारकावर दरवर्षी फुले वाहिली जातात, मंत्री येतात, शाळांच्या रांगा लागतात. हा प्रसंग विद्यार्थ्यांच्या राजकीय अभिव्यक्तीचा होता, ही आठवण मात्र त्या भाषणांतून निसटते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४५मध्ये, जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप ही दोन महाविद्यालये सुरू झाली. साठच्या-सत्तरच्या दशकांत तालुक्या-तालुक्यांत शिक्षण संस्था उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांची, साळी-कोळ्यांची, दलित वस्त्यांतली मुले पदवीपर्यंत पोहोचली. धुळ्यात याच काळात शरद पाटील वर्ग आणि जात यांचा एकत्र विचार मांडत होते. मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडून त्यांनी १९७८मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्या विचारातून तयार झालेले विद्यार्थी कार्यकर्ते पश्चिम खान्देशच्या वसतिगृहांत आणि कॉलेजांत पुढे बराच काळ काम करत राहिले. दुसरीकडे अखिल भारतीय विद्यार्थी परिषद (अभाविप), एनएसयूआय, छात्रभारती, एसएफआय या संघटनांच्या शाखा होत्या. निवडणुका होत, पोस्टर लागत, भांडणे होत. त्या काळाचे आज जे गोड वर्णन केले जाते त्यावर जसाच्या तसा विश्वास ठेवू नये. मारामाऱ्या होत, पैसा वाहत असे आणि मुली बहुतेक ठिकाणी मतदार म्हणूनच उरत.

कायद्याची तीस वर्षे

१९९४नंतर काय झाले? गुणवत्तेवर नेमलेल्या वर्गप्रतिनिधींतून महाविद्यालयाचा सचिव निवडला जाई. त्यालाच सगळे ‘यूआर’ (विद्यापीठ प्रतिनिधी) म्हणत. या यूआरमधून विद्यापीठाची परिषद. मतदार मूठभर झाले. शेकडो विद्यार्थ्यांना पटवण्यापेक्षा मूठभर यूआर सांभाळणे सोपे असते, त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर यूआरना सहलीला नेल्याचे, लपवून ठेवल्याचे आरोप राज्यभर होऊ लागले. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदासाठी जे चालते तेच इथे मुलांना शिकायला मिळाले. राजकारण बाहेर ठेवण्यासाठी केलेल्या व्यवस्थेने राजकारणातला सर्वांत वाईट भाग तेवढा आत घेतला, असे मला वाटते.

पुढचा टप्पा लिंगडोह समितीचा. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६मध्ये अहवाल दिला आणि सप्टेंबर २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या शिफारशी लागू केल्या. उमेदवाराची वयोमर्यादा, ७५ टक्के हजेरी, पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा, छापील पोस्टरला बंदी, राजकीय पक्षांपासून अंतर. समितीच्या कडक अटींची चर्चा खूप झाली. तिने आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. नेमणुकीची पद्धत सदोष आहे, वातावरण बिघडलेले असेल तिथे ती तात्पुरती म्हणूनच चालवावी आणि पाच वर्षांच्या आत निवडणुकीकडे यावे, असे तिचे म्हणणे होते.

महाराष्ट्राने त्यासाठी दहा वर्षे घेतली. २०१६चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७पासून लागू झाला आणि त्यात खुल्या निवडणुकीची तरतूद पुन्हा आली. २०१८मध्ये नियमावली जाहीर झाली. पक्षांची नावे आणि चिन्हे प्रचारात वापरायला तिने मनाई केली. २०१९मध्ये मतदान व्हायचे होते. विधानसभा निवडणूक जवळ आली म्हणून ते पुढे ढकलले गेले. मग कोविड आला. सरकारे बदलली, शिक्षणमंत्री बदलले. मागणीची निवेदने सर्व संघटनांकडून जात राहिली, मतदान मात्र झाले नाही. विद्यार्थी परिषदेच्या पदाधिकाऱ्यांना अधिसभेत बसण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. परिषदच निवडली गेली नाही, त्यामुळे शुल्क आणि परीक्षा यांवर जिथे ठराव होतात तिथे विद्यार्थ्याची खुर्ची नुसती कायद्याच्या पुस्तकात राहिली.

याच अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा असतात. त्यांची निवडणूक मात्र होते. पॅनेल पडतात, पक्षांची उघड ताकद लागते, मतमोजणीला गुलाल उधळला जातो. पदवी मिळाल्यावर जे राजकारण चालते ते पदवी मिळवताना का चालू नये, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

राज्यातली अलीकडची प्रकरणे

खान्देशातल्या चर्चेवर बाहेरच्या घटनांची छाया पडते, म्हणून त्यांची थोडक्यात नोंद हवी. ऑक्टोबर २०१९मध्ये वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठाने पंतप्रधानांना पत्रे लिहिण्याच्या कार्यक्रमावरून सहा विद्यार्थ्यांना काढून टाकले, कारण आचारसंहितेचे दिले आणि काही दिवसांतच आदेश मागे घेतला. नोव्हेंबर २०२३मध्ये मुंबईच्या आयआयटीने राजकीय आशयाच्या कार्यक्रमांसाठी पूर्वपरवानगीची नियमावली काढली. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०२४मध्ये एका दलित संशोधक विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केले. उच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये निलंबनाचा काळ कमी केला.

दोन प्रकरणांपाशी जरा थांबायला हवे. २ फेब्रुवारी २०२४ला पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचे नाटक चालू असताना अभाविपच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडले. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गप्पा हा त्याचा विषय होता. धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल होऊन विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, नंतर जामीन मिळाला. आराध्य दैवतांच्या वेशातली पात्रे अशा भाषेत बोलताना दाखवणे हा अपमानच आहे, असे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे होते. कलाशिक्षणाच्या वर्गातल्या प्रयोगात पोलिस येणार असतील तर शिकवायचे काय, हा दुसऱ्या बाजूचा सवाल होता. त्याच दिवशी, २ फेब्रुवारीलाच, अमळनेरला प्रताप महाविद्यालयाच्या आवारात सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले होते आणि त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनाचीही तयारी चालली होती. परस्परविरोधी विचारांची दोन संमेलने एका तालुक्याच्या गावात शांतपणे पार पडली. खान्देशाला वादाची भीती वाटते असे म्हणणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत.

दुसरे प्रकरण मे २०२५चे. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी भारत-पाक संघर्षाबद्दलच्या समाजमाध्यमावरील पोस्टमुळे अटकेत गेली. पोस्ट तिने लगेच काढली होती, माफीही मागितली होती. महाविद्यालयाने तिचे म्हणणे न ऐकता तिला काढले. उच्च न्यायालयाने तिला सोडण्याचा आदेश दिला, महाविद्यालयाचा निर्णय स्थगित केला आणि तिला परीक्षेला बसू दिले. तिची पोस्ट योग्य होती असे न्यायालयाने म्हटले नाही. शिक्षा देण्याआधी ऐकून घ्यावे लागते आणि चूक करणारी मुलगी गुन्हेगार ठरत नाही, हा त्यातला मुद्दा. धुळ्या-जळगावच्या प्राचार्यांनी हा निकाल वाचून ठेवण्यासारखा आहे, कारण उद्या असे प्रकरण कोणाच्याही टेबलावर येऊ शकते.

कोणाचे काय म्हणणे

प्राचार्य, संस्थाचालक आणि पुष्कळ पालक यांची बाजू अशी. इथला विद्यार्थी बहुधा घरातला पहिला पदवीधर. तो सकाळच्या एसटीने येतो, दुपारच्या एसटीने परत जातो, कापूस वेचणीच्या दिवसांत येतही नाही. मुलगी असेल तर कॉलेजात एक भांडण झाले तरी तिचे शिक्षण थांबते. अशा ठिकाणी पक्षांना आत घेतले तर सर्वांत आधी याच मुलांचे नुकसान होईल. २००३मध्ये केरळ उच्च न्यायालयाने महाविद्यालयाला आवारातल्या राजकीय हालचालींवर बंदी घालण्याचा अधिकार मान्य केला होता, त्याचाही आधार या बाजूने दिला जातो. उद्योगपतींच्या बिर्ला-अंबानी अहवालाने २०००मध्ये पक्षांनी विद्यापीठांपासून दूर राहावे असे सुचवले होते. ही भीती खोटी नाही. तालुक्याच्या गावात भांडण कॉलेजच्या फाटकाशी थांबत नाही, ते जातीच्या वस्त्यांपर्यंत पोहोचते.

विद्यार्थी संघटनांची बाजू एका बाबतीत एकमुखी आहे. अभाविप, एनएसयूआय, एसएफआय, छात्रभारती, कोणालाही विचारा, खुली निवडणूक हवी असेच सांगतील. मतभेद पुढे सुरू होतात. पक्षाचे नाव लपवून लढायचे, हा नियम डाव्यांना ढोंग वाटतो. विचार सांगून मते मागणे हेच तर शिकायचे आहे, असे ते म्हणतात. इतर संघटनांतले काही जण हा नियम निदान सुरुवातीला असावा असे मानतात. आवारात काय बोलावे यावर तर एकमत अजिबात नाही. देव-देवता, सैन्य, थोर पुरुष यांच्याबद्दल सीमा हव्यात, असे एक गट म्हणतो. सीमा फक्त राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमातल्या असाव्यात, कार्यकर्त्यांनी आखलेल्या नसाव्यात, असे दुसरा म्हणतो.

तिसरी बाजू दलित, आदिवासी आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांची. त्यांचा प्रश्न आधीचा आहे : बोलण्याची मोकळीक सगळ्यांना सारखी आहे का? धडगाव किंवा अक्कलकुव्याहून आलेला मुलगा शहरातल्या वर्गात पावरी-भिली वळणाची मराठी बोलतो तेव्हा मागच्या बाकावरून हसू येते. तो वादविवाद स्पर्धेत उभा राहील कसा? या मुलांचे राजकारण त्यांच्या वसतिगृहातून येते. २०१८मध्ये आदिवासी वसतिगृहांतली खाणावळ बंद करून थेट खात्यात पैसे देण्याचा निर्णय झाला, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. शिष्यवृत्ती, जेवण, जातपडताळणी यांवरचे बोलणे हेच त्यांच्या दृष्टीने राजकीय बोलणे. व्यासपीठ आणि निवडणूक त्यानंतर.

आणखी एक मत प्राध्यापकांचे, आणि ते दबक्या आवाजात ऐकू येते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. अशा माणसाने वर्गात शेतमालाच्या भावावर, आरक्षणावर, निवडणुकीवर मोकळेपणाने बोलावे आणि मुलांना बोलू द्यावे, ही अपेक्षा फार मोठी आहे.

जगात या वादाची दोन उत्तरे प्रसिद्ध आहेत. शिकागो विद्यापीठाच्या काल्वेन समितीने १९६७मध्ये सांगितले की संस्थेने राजकीय प्रश्नांवर तटस्थ राहावे आणि आतल्या माणसांना मोकळे सोडावे. इंग्लंडने २०२३मध्ये विद्यापीठांतील भाषणस्वातंत्र्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. शिकागोचे सूत्र खान्देशात आणायचे म्हटले की पहिल्याच पायरीवर अडते. इथल्या कितीतरी संस्थांचे अध्यक्ष आमदार, माजी मंत्री किंवा त्यांचे नातलग आहेत. गॅदरिंगला पाहुणा कोण येणार, वाढदिवसाचा फलक कोणाचा लागणार, हे वरून ठरते. म्हणजे आवारात राजकारण आहेच, विद्यार्थ्याला त्यात बोलायला जागा नाही एवढेच. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते.

आज बोलणे कुठे होते

मतपेटी नसली तरी मुले गप्प नाहीत. खान्देशात विद्यार्थ्यांचे मुख्य हत्यार निवेदन आहे. निकाल रखडला, शुल्क वाढले, बस वेळेवर नाही, की चारपाच जण प्राचार्यांना, तहसीलदारांना, नाहीतर थेट कुलगुरूंना निवेदन देतात, दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात येतो. त्यापुढची पायरी ठिय्या किंवा घंटानाद. जिल्ह्यात पोलिस कायद्याच्या सदतिसाव्या कलमाखाली जमावबंदी वारंवार लागू असते, त्यामुळे पाच किंवा अधिक जण जमले की परवानगीचा प्रश्न येतो. निवेदनाने कामे होतात, हे मान्य करायला हवे. पण निवेदन देणारा विनंती करतो, प्रतिनिधी जाब विचारतो.

दुसरी जागा ‘युवारंग’ची. विद्यापीठाच्या या युवक महोत्सवात विडंबननाट्य, मूकनाट्य, वक्तृत्व, वादविवाद होतात. शेतकऱ्याची आत्महत्या, भरतीतला घोळ, मोबाइलमध्ये अडकलेला पुढारी, हे सगळे तिथे येते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. वर्षभर जे वर्गात बोलले जात नाही ते दहा मिनिटांच्या विडंबनात बोलले जाते. तिसरी जागा मोबाइलची. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरच्या गटांत आज सर्वाधिक राजकीय वाद होतात, तिथे ना प्राचार्य आहेत ना आचारसंहिता. पूर्वीची भित्तिपत्रके आणि वार्षिकांक त्यामुळे निस्तेज झाले आहेत. वार्षिकांकात चूक झाली तर संपादक मंडळ दुरुस्त करत असे. मोबाइलवरच्या चुकीची दुरुस्ती पोलिस ठाण्यात होते.

न सुटलेले

पहिला प्रश्न तारखेचा आहे. कायदा आहे, नियम आहेत, मतदान केव्हा हे कोणी सांगत नाही. तारीख ठरली तरी दुसरा प्रश्न उभा राहतो : मतदान घेणार कोण? संस्थेचा अध्यक्षच ज्या पक्षाचा नेता, त्या संस्थेच्या प्राचार्यावर निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून सर्व गटांचा विश्वास बसेल का? निदान मतमोजणीला शेजारच्या तालुक्यातला निरीक्षक असावा, अशी सूचना करता येईल.

आवाराबाहेर, स्वतःच्या फोनवरून लिहिलेल्या मजकुराबद्दल महाविद्यालयाला शिक्षा करता येते का, यावर स्पष्ट नियम नाही. पुण्याच्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात न्यायालयाने कार्यपद्धतीवर बोट ठेवले. अधिकाराचा मूळ प्रश्न उघडाच आहे. २०२३च्या यूजीसी नियमांनुसार विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी लोकपाल असायला हवा. कार्यक्रमाला परवानगी नाकारली ही त्याच्यापुढे नेण्याजोगी तक्रार ठरते का, हेही कोणी तपासून पाहिलेले नाही. जुलै २०२५मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या जनसुरक्षा विधेयकाची भीती काही संघटनांना वाटते. सरकार म्हणते, ते नक्षलवादी संघटनांसाठी आहे. विद्यार्थी संघटनांशी त्याचा संबंध येतो की नाही हे पहिल्या काही प्रकरणांतच कळेल.

आणि सातपुड्याच्या पायथ्याची छोटी महाविद्यालये. तिथे पटावर दोन-तीनशे मुले, हजेरी निम्मी, हंगामात स्थलांतर. ७५ टक्के हजेरीची अट तिथे काटेकोर लावली तर ऊसतोडीला गेलेल्या घरातला मुलगा किंवा मुलगी उमेदवार होऊच शकणार नाही. जळगाव शहरातल्या महाविद्यालयासाठी रास्त असलेला नियम सातपुड्यातल्या मोलगीच्या विद्यार्थ्याला मतपत्रिकेबाहेर ठेवतो. नियमावलीत या मुलांसाठी काय करायचे, यावर विद्यापीठाने तीनही जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांना समोर बसवून विचारायला हवे, आणि ते मतदानाची तारीख ठरण्याच्या आधी.